एका माणसाचं प्रमाण

मीठबाईंचा राग नाकावर असतो, असं त्यांच्या इमारतीत सगळेच म्हणत. ते खरंही होतं. पण त्या रागाला कारणं किती होती, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. पहिलं कारण म्हणजे हे नावच. बाई लेखिका होत्या. एकोणीस वर्षं त्या एका घरगुती मासिकात दर महिन्याला एक पान लिहीत आल्या होत्या. त्या पानावर त्या महिन्याचा बाजार असे, स्वयंपाकघर असे, खिडकीबाहेरची हवा असे आणि त्या हवेत माणसाला काय खावंसं वाटतं, का वाटतं, याचा विचार असे. लेखाच्या खाली एक लहानशी चौकट असे, तिच्यात पदार्थाचं साहित्य आणि प्रमाण. बाईंचा जीव लेखात असे आणि चौकट त्यांच्या डोळ्यांत खुपे. लोकांचं नेमकं उलटं होतं.

सातव्या वर्षी पालकाच्या सूपच्या चौकटीत 'एक चमचा मीठ' याच्या जागी 'एक वाटी मीठ' गेलं. चूक बाईंचीच होती. लिहिता लिहिता दूध उतू जायला लागलं, हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे झाले. पण मासिकाच्या कचेरीत ते पान चार माणसांच्या हाताखालून गेलं आणि चौघांपैकी एकालाही वाटीभर मीठ खटकलं नाही, कारण चौकट कुणी वाचलीच नव्हती. वाचकांनी मात्र वाचली. एकसष्ट पत्रं आली. एका गृहस्थांनी खरोखरच वाटीभर मीठ घातलं होतं आणि आता पुढे काय करू, असं विचारलं होतं. त्याच पानावर बाईंनी पानगळीच्या दिवसांत एकट्यानं गरम सूप पिण्याबद्दल एक परिच्छेद लिहिला होता, आपल्या मते आयुष्यातला सगळ्यांत चांगला. त्याबद्दल एका ओळीचंही पत्र आलं नाही. इमारतीत त्यांचं नाव मीठबाई पडलं, आणि पडलं ते कायमचं.

बाईंच्या लिहिण्याची एक रीत होती. तिच्यात त्या कुणालाही ढवळाढवळ करू देत नसत. लिहिणं व्हायचं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ज्याचा एक पाय आखूड होता आणि ज्याच्या खाली मासिकाचाच एक जुना अंक घडी करून सरकवलेला होता. बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी बाई वहीत लिहायच्या. आज काय आलं, कसं आलं, भाजीवाली काय म्हणाली. 'वाटाणा पहिल्यांदा. दोनच ढीग. शेंग भरलेली नाही. आठ दिवस थांबा म्हणाली.' अशा ओळी. दर वर्षाची एक वही, आणि वह्या फळीवर मसाल्याच्या डब्यांच्या शेजारी ओळीनं लावलेल्या. त्यामुळे सगळ्या वह्यांना हळदीचा वास यायचा.

या वह्यांची गरज अशी की मासिक दोन महिने आधी छापायला जायचं. थंडीतल्या अंकाचं पान अंगातून घामाच्या धारा निघत असताना लिहावं लागायचं. बाकीचे लेखक अशा वेळी बिनधास्त मनातून लिहीत. अंगावर शाल घेऊन, वाफाळता कप हातात धरून. बाईंना त्याचा मनापासून तिटकारा होता. न पाहिलेली थंडी लिहिणं म्हणजे वाचकाच्या तोंडाला पानं पुसणं, असं त्या म्हणत. आठवणीतली भाजी नेहमीच कोवळी असते, तिला कीड कधी लागत नाही, म्हणून आठवणीवर विश्वास ठेवू नये, असंही म्हणत. त्या गेल्या वर्षीची वही उघडत आणि जे वहीत असेल तेवढंच पानावर घेत. या बाबतीत त्या इतक्या हट्टी होत्या की एका वर्षी गारपिटीनं वाटाणाच आला नाही, तर पुढच्या वर्षीच्या अंकात त्यांनी 'या दिवसांत गेल्या वर्षी वाटाणा नव्हता' असं पानभर लिहिलं. तेव्हाचे म्हातारे संपादक कपाळाला हात लावून बसले, पण छापलं.

ही रीत एकदाच मोडली. दहाव्या वर्षी. त्याच्या आदल्या थंडीत बाईंची आई आजारी होती आणि बाई तीन महिने तिच्या उशाशी होत्या. वहीतली ती पानं कोरीच राहिली. पुढे पाऊस सरून ऊन तापलं आणि वाटाण्याचा लेख द्यायची वेळ आली तेव्हा हातात काही नाही. वहीत वाटाणा नाही आणि बाजारातही नाही. बाई दोन दिवस टेबलाशी बसल्या, चिडल्या, पेन्सिलीला चारदा टोक काढलं आणि शेवटी नवऱ्याला हाक मारली.

बाईंचे यजमान शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचा एक गाळा होता आणि त्यांच्या बोटांना कायम मशीनच्या तेलाचा वास असे, कितीही साबण लावला तरी. माणूस शांत, थट्टेखोर. बायको लेखिका असल्याचं त्यांना कौतुक होतं, पण त्याबद्दल ते ताकास तूर लागू देत नसत. मासिक आलं की आधी शेवटच्या पानावरचं शब्दकोडं सोडवायचे आणि मग, जणू सहज नजर गेली म्हणून, बायकोचं पान दोनदा वाचायचे.

त्या दुपारी बाईंनी त्यांना बनियनवरच गच्चीत खुर्चीवर बसवलं. मांडीवर मोठी परात दिली.

"शेंगा कुठायत?" त्यांनी विचारलं.

"आहेत असं धरा. तुम्ही नुसते हात हलवा. मला बघायचंय."

त्यांनी परात मांडीवर नीट टेकवली. मग त्यांनी परातीतून काहीच नसलेलं उचललं, अंगठ्यानं शिवण दाबून उघडलं, बोट आतून फिरवलं आणि दाणे परातीत सोडले. दुसरी शेंग. तिसरी. मशीनचा स्क्रू फिरवणारी ती बोटं, त्यांची चाल बाईंना पाठ होती, पण या कामात ती वेगळीच दिसत होती. बाई उंबरठ्यावर बसून भराभर लिहीत होत्या. ऊन असं की फरशीवर पाय ठेववत नव्हता. अर्धा तास गेला असेल. बाईंनी मान वर केली तर यजमानांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि तोंडात टाकलं होतं.

"खाताय काय?"

"कोवळे आहेत," ते म्हणाले, आणि आणखी चार टाकले.

बाई एवढ्या हसल्या की पेन्सिल हातातून पडली. लेखात त्यांनी ते सगळं घातलं. थंडीचं ऊन, गच्चीतली खुर्ची, परात, अर्धे वाटाणे पातेल्यात आणि अर्धे सोलणाऱ्याच्या पोटात, 'कोवळे आहेत' हे उत्तर. परात रिकामी होती एवढंच घातलं नाही. लेख अतोनात गाजला. बाईंच्या मनाला मात्र ती खोटी थंडी लागून राहिली. एकोणीस वर्षांतलं एवढं एकच पान वहीत नसलेलं. त्या यजमानांना म्हणत, आपण लोकांना फसवलं. ते म्हणत, मी पोटभर खाल्ले, माझी काही तक्रार नाही.

यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली. आजारपण लांबलचक नव्हतं. गाळ्यात एका मशीनवर वाकलेले असतानाच त्यांना कसंसं झालं आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. बाईंनी दोन महिने पान दिलं नाही आणि तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा लिहायला लागल्या. आता पानावर एका माणसाचं स्वयंपाकघर होतं. एका माणसासाठी भाजी घ्यायला गेलं की भाजीवाली कशी मूठभर उचलून पिशवीत टाकते आणि वजनही करत नाही, हे होतं. एकट्यासाठी फोडणी द्यायची तर ती जळतेच, हे होतं. बाईंना स्वतःला ही पानं पूर्वीच्यापेक्षा खरी वाटत. पत्रं मात्र कमी झाली. कधी दोन, कधी एकही नाही. दरम्यान म्हातारे संपादक घरी बसले आणि त्यांच्या जागी नव्या संपादक आल्या. तरुण, हसऱ्या, प्रत्येक वाक्याला 'मॅडम' लावणाऱ्या.

यंदा थंडीतला अंक आला तो दुपारच्या टपालानं. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी आपलं पान उघडलं. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेला लेख त्यावर नव्हता. तिथे वाटाण्याचा लेख होता, नऊ वर्षांपूर्वीचा. मथळा बदललेला, शेजारी हिरव्यागार शेंगांचं भलंमोठं रंगीत चित्र, आणि मजकूर जसाच्या तसा. 'मागच्या आठवड्यातली गोष्ट. आमचे हे गच्चीत परात घेऊन बसले होते.' मागच्या आठवड्यातली. कुठेही तारीख नाही, जुना आहे म्हणून एक अक्षर नाही.

बाईंनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली, आणि 'कोवळे आहेत' आलं तेव्हा त्या हसल्या. मोठ्यानं, एकट्या, स्वयंपाकघरात. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय करतोय, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी हे छापलं त्यांचा राग आलाच. पण आपण त्याला हसलो, क्षणभर तो माणूस गच्चीत आहे असं धरून हसलो, याचा जास्त आला.

अर्ध्या तासात नणंद वर आली. ती यजमानांची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावर राहायची. ती दारात उभी राहिली, मग सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर किती ताटं आहेत ते बघून घेतलं. एकच होतं. तिनं श्वास सोडला.

"वहिनी, तू बरी आहेस ना? दादा गच्चीत बसलाय, असं लिहिलंयस तू."

तेव्हा बाईंना कळलं, प्रकरण कुठवर गेलंय. जुना लेख आहे, मी दिलेला नाही, असं त्यांनी सांगितलं, तर नणंदेला ते पटलंच नाही असं नाही, पण पूर्ण पटलंही नाही. आपल्या दादाला एवढं ठसठशीत जिवंत वाचून ती हादरली होती. खालच्या मजल्यावर तोवर बातमी झाली होती. औषधांच्या दुकानदारानं तब्येत कशी आहे, झोप लागते का, अशी चौकशी केली. समोरच्या काकूंनी सोबतीला कुणी येऊन राहावं का, असं आडून आडून विचारलं. नवरा गेल्यावर तीन वर्षं धड लिहिणारी बाई अचानक भ्रमिष्ट झाली, असं ठरवायला लोकांना एक पान पुरलं. त्या तीन वर्षांतली पानं यातल्या कुणी वाचली नव्हती, हे बाईंना त्या दिवशी समजलं, आणि रागात आणखी एका कारणाची भर पडली.

आठवड्यानं कचेरीतून पत्रांचा गठ्ठा आला. चाळीसच्या वर पत्रं. त्यातलं एक लांबच्या कुठल्या गावातल्या बाईचं होतं, साध्या रेघी कागदावर. तिनं लिहिलं होतं, 'मी तुमचं पान पूर्वी न चुकता वाचायची, मध्ये काही वर्षं खंड पडला. माझे यजमान या पावसाळ्यात गेले. तुमचे अजून तुमच्याजवळ बसून वाटाणे खातात हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना रागावू नका. खाऊ द्या.'

बाईंनी ते पत्र वाचलं, घडी घातली, उघडलं, परत वाचलं. याला उत्तर काय लिहायचं? खरं लिहिलं तर त्या बिचारीच्या हातातलं काढून घेतल्यासारखं होणार. खोटं तर बाई लिहिणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र पर्समध्ये टाकलं, पिशवीत पाच वह्या घातल्या आणि कचेरी गाठली.

कचेरी आता काचेची झाली होती. संपादकांची खोली काचेची, तिच्यात बसलेली माणसं बाहेरून दिसत पण ऐकू येत नसत. संपादकांनी उठून स्वागत केलं, पाणी मागवलं आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत अभिनंदन केलं. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यांत लोकप्रिय पान, असं त्या म्हणाल्या. म्हणून ठरवलंय की आता दर महिन्याला जुन्यातलाच एक लेख घ्यायचा. दोनशेच्या वर आहेत, आणखी पंधरा वर्षं चिंता नाही. पुढचे दोन अंक छपाईला गेलेही. मॅडमना काहीच करायला नको.

"आणि मी यंदा दिलेला लेख?" बाईंनी विचारलं.

तो थोडा उदास होता, असं संपादक फार मायेनं म्हणाल्या. वाचक दमूनभागून घरी येतात, त्यांना हलकंफुलकं हवं असतं. "सर असतानाचे लेख किती जिवंत आहेत, मॅडम. आणि तसंही ऋतू काय, दरवर्षी तेच येतात."

बाईंनी पिशवीतून वह्या काढल्या आणि टेबलावर एकेक उघडून ठेवल्या.

"तेच येत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे बघा. या वर्षी पहिला वाटाणा नऊ तारखेला आला. या वर्षी सत्तावीसला. या वर्षी आलाच नाही. यंदा आला तो पोकळ आहे, पाव किलो शेंगांत मूठभर दाणे निघत नाहीत, आणि तुम्ही पानावर टम्म फुगलेल्या शेंगांचं चित्र छापलंय. लोक बाजारात जातील आणि मला शिव्या देतील. आणि ज्या माणसाला तुम्ही गच्चीत बसवलंय तो मेलाय. मी त्याला माझ्या हातांनी पोचवलंय. तो तुम्ही दर महिन्याला मला विचारल्याशिवाय उठवून बसवणार, पंधरा वर्षं?"

काचेपलीकडची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. संपादकांचे डोळे खरंच भरून आले. मुलगी वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. तिनं वह्या जवळ ओढल्या, पानं उलटली आणि फोन काढून त्यांचे फोटो घ्यायला लागली. किती सुंदर आहे हे, हळदीचे डाग वगैरे, हे आपण वापरू या, म्हणाली. बाईंनी वह्या मिटल्या आणि ते पत्र पुढे ठेवलं. संपादकांनी ते वाचून नाक पुसलं आणि हेसुद्धा छापू या का, असं विचारलं.

बाईंनी एकच मागितलं. जुन्या लेखाखाली एक ओळ टाका, हा लेख जुना आहे आणि यातले गृहस्थ आता नाहीत. बाकी तुमचं काय ते चालू द्या. संपादकांनी पुष्कळ वेळ चुळबुळ केली. अशी ओळ टाकली तर सगळं पानच सुतकी होईल, म्हणाल्या. पदार्थाच्या शेजारी मरणाची बातमी कोण वाचेल? बघू, पुढेमागे बघू. मग विषय बदलायला त्यांना एक काम आठवलं. चौकटी जुन्या आहेत, सगळी प्रमाणं सहा माणसांची. आता सहा माणसं कुणाच्या घरी आहेत? दोन माणसांसाठी करून हवीत. तेवढं मॅडमनीच करून दिलं तर बरं, कचेरीत कुणाला स्वयंपाकातलं कळत नाही. तिसऱ्या अंकाला भोपळ्याचा लेख आहे, त्याची चौकट महिनाअखेर मिळाली तर थेट पानात बसवतील.

बाई उठल्या. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे न कळून त्यांनी ते दोनदा उलटं केलं, आणि या वयात ही फजिती, म्हणून आणखी संतापल्या. घरी येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात संपादकांना चार खरमरीत पत्रं लिहिली. चौकट मी करून देऊ? माझी पानं तुम्ही कापणार, माझा माणूस बाहुल्यासारखा मांडणार, आणि मी भोपळ्याला तीननं भागत बसू?

पण भोपळ्याचा लेख त्यांनी काढून वाचलाच. त्यातही ते होते. भोपळा सुरीला दाद देईना म्हणून यजमानांनी हत्यारांच्या पेटीतली करवत आणली होती आणि ओट्यावर भुसा पाडत भोपळा कापला होता, आणि बाई ओरडत होत्या की करवतीला मशीनचं तेल आहे. बाईंनी दुसरा लेख काढला, मग तिसरा. प्रत्येकात कुठे ना कुठे ते येऊन बसलेच होते. दोनशे पानांत त्यांना टाळून लिहिलेलं असं काही नव्हतंच. ऋतूंवर लिहितेय असं समजून आपण एकोणीस वर्षं काय लिहीत होतो, हे बाईंना त्या टेबलाशी बसून दिसलं. कुठल्या तरी काचेच्या खोलीतून हे सगळं कुणी महिन्याला एक असं वाटत सुटावं, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

चार दिवसांनी त्यांनी चौकट करायला घेतली. सहाला तीननं भागलं, दोन माणसांचं प्रमाण झालं. भोपळा अर्धा किलो, एक कांदा, मीठ पाऊण चमचा. ते बघत असताना त्यांना जाणवलं की गेली तीन वर्षं आपण हेच करतोय. दोन माणसांचंच शिजवतोय. हात तेवढंच घेतात. अर्धं दुसऱ्या दिवशी शिळं खायचं, नाहीतर खिडकीत पक्ष्यांना ठेवायचं. बाईंनी रबरानं सगळं खोडलं आणि पुन्हा दोननं भागलं. मग पेन्सिल खाली न ठेवता पुढे लिहीत गेल्या, चौकटीच्या कोरड्या भाषेत, एकही जादा शब्द न घालता, आणि तो कागद तसाच पाकिटात घालून पाठवून दिला.

कचेरीत तो चार माणसांच्या हाताखालून गेला असणार. थेट पानात बसवला गेला. तिसऱ्या महिन्याचा अंक आला, त्यात करवतीचा लेख होता, झळझळीत केशरी भोपळ्याचं चित्र होतं आणि खाली चौकट होती.

'एका माणसासाठी. लाल भोपळ्याची एक फोड, तळहाताएवढी. अर्धा कांदा. तेल एक चमचा. मीठ एक चिमूट, वाटी नव्हे. लेखातले गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या वाट्याचा भोपळा यात धरलेला नाही. या थंडीत छापलेला वाटाण्याचा लेख नऊ वर्षांपूर्वीचा, भर उन्हात लिहिलेला. तेव्हा वाटाणे नव्हते, परात रिकामी होती. ती चूक लेखिकेची. लेख न विचारता पुन्हा छापला, ती चूक तिची नाही. उरलेला अर्धा कांदा झाकून ठेवावा. दुसऱ्या दिवशी चालतो.'

संपादकांना ते तीन दिवसांनी एका वाचकाच्या फोनवरून कळलं. त्यांनी बाईंना फोन केला तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. विश्वासघात केलात, मॅडम, म्हणाल्या. पान बंद, असंही म्हणाल्या. तुम्ही चौकट वाचायला हवी होती, एवढंच बाई बोलल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा परत फोन आला. पत्रांची रीघ लागली होती. तेव्हा पान चालू ठेवू, नवीन लेख द्या, पण जरा उत्साह येईल असं काहीतरी, अशी विनंती होती. बाजारात जे येईल ते लिहीन, आणि चौकट एकाच माणसाची असेल, असं बाईंनी सांगितलं. बघू, असं संपादक म्हणाल्या. त्या 'बघू'चा बाईंना पुन्हा राग आला, पण फोन ठेवल्यावर त्यांनी फळीवरून यंदाची वही काढली.

अंक आला त्याच दिवशी नणंद तो हातात घेऊनच वर आली होती. या वेळी तिनं ओट्याकडे बघितलं नाही. वाट्याचा भोपळा धरलेला नाही, हे वाचून आपण आधी हसलो, असं तिनं खाली मान घालून कबूल केलं. मीही हसले होते, बाई म्हणाल्या, वाटाण्याला. मग दोघी बराच वेळ ती करवत आता कुठे असेल यावर बोलत बसल्या.

लांबच्या गावातल्या त्या बाईला मीठबाईंनी शेवटपर्यंत उत्तर लिहिलं नव्हतं. चौकट हेच उत्तर, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि ते तिला लागेल, ती दुखावेल, या भीतीनं त्या रोज टपालाची वाट बघत होत्या आणि टाळतही होत्या. महिनाअखेर पत्र आलं. तसाच रेघी कागद.

'तुमचे यजमान गेले हे मला माहीत नव्हतं. मी भलतंच लिहिलं, माफ करा. तुम्ही सांगितलं तसा भोपळा केला. एकाचं प्रमाण मी आजवर कुठेच छापलेलं बघितलं नव्हतं. ते गेल्यापासून मी चौघांचं करत होते आणि पातेलं बघून जेवतच नव्हते. आज सगळं संपलं. वाटाण्याचंही कळवा.'

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. बाजारात वाटाण्याचे शेवटचे ढीग होते, जून आणि किडके. त्यांनी पिशवी घेतली, खाली उतरल्या आणि भाजीवालीला म्हणाल्या, आज मूठभर नको, नीट तोलून दे, मला लिहायचंय.